आवाज बसलेलं गॅरेज

"एक शब्दही बोलायचं नाही," डॉक्टर निकिता म्हणाल्या. "आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही. कुजबुजण्याने जास्त ताण येतो."

"बरं," मी म्हणालो.

"हासुद्धा शब्दच झाला, काका."

त्यांनी मला माझाच घसा पडद्यावर दाखवला. आत दोन पांढरट पट्ट्या होत्या आणि एकीवर फुगवटा आला होता. इंजिनचा पट्टा असा फुगलेला दिसला की मी गिऱ्हाइकाला बेधडक सांगतो, "काढून टाका, दुसरा घालू." इथे दुसरा मिळत नाही, असं कळलं. दोन आठवडे संपूर्ण मौन पाळायचं. फुगवटा उतरला तर उत्तम, नाही उतरला तर ऑपरेशन. आणि ऑपरेशननंतर आवाज पहिल्यासारखा येईल याची खात्री कोणी देणार नाही. हे सगळं त्या इतक्या गोड आवाजात सांगत होत्या की मला त्यांच्या घशाचा हेवा वाटला.

माझ्या आवाजाबद्दल मीच सांगणं बरं नव्हे, पण दुसरं कोण सांगणार? नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाताना डाव्या हाताच्या गल्लीत आमचं गॅरेज आहे. पुढे टेबल, मागे लांबलचक शेड, शेडच्या टोकाला गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा. मधे कॉम्प्रेसर, ग्राइंडर आणि कुणीतरी पत्रा ठोकत असतोच. या सगळ्यावरून "समाधान, बारा नंबरचा पाना टाकून दे, पुढच्या चाकाला हात लाव!" हे वाक्य मी टेबलावरून खड्ड्यापर्यंत पोचवत आलो आहे. समोरच्या चतुराबाईंना भाजी विकता विकता गाड्यांचे निम्मे आजार माझ्या आवाजामुळे पाठ झाले आहेत. हा आवाज म्हणजे आमच्या धंद्याचं अर्धं भांडवल होतं, आणि तेच आता बसलं होतं.

परत येताना उज्वला, म्हणजे माझी बायको, रिक्षात डॉक्टरांची चिठ्ठी वाचत होती. मग म्हणाली, "अहो, घाबरू नका. होईल सगळं नीट." आणि थोड्या वेळाने, "तुमच्या बहिणीकडे रविवारी जायचं नाही असं मी ठरवलंय. काही म्हणायचंय?"

मी मान हलवली. मान कशी हलवली याचा अर्थ तिने तिच्या सोयीने लावला.

बातमी सोसायटीत आमच्या आधी पोचली होती. ज्येष्ठमध, खडीसाखर, कच्ची हळद, काळं मीठ अशी औषधं दारात आली. तळमजल्यावरच्या काकूंनी तर "गुळण्या करताना नुसतं पाणी फिरवायचं नाही, आवाज काढायचा" असं बजावलं, आणि मी हातवारे करून मौनाचं सांगितलं तेव्हा "मग उपयोग काय?" म्हणून हळद परत घेऊन गेल्या. पण यातलं सगळ्यात जालीम औषध वरच्या मजल्यावरून आलं. त्याचं नाव अमित.

अमित कंपन्याकंपन्यांत जाऊन संवादकौशल्य शिकवतो. तो आणि त्याची बायको यांच्यातला संवाद आम्हाला जिन्यात ऐकू येतो, पण तो विषय वेगळा. "शेखरभाऊ," तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माणसाचं बहुतेक बोलणं शब्दांशिवायच होतं. ही आपत्ती नाही, संधी आहे. मी उद्या येतो गॅरेजवर. काही घेणार नाही."

मला नको म्हणायचं होतं. नको म्हणायला जो अवयव लागतो तोच बंद होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमितने कॉम्प्रेसर बंद करायला लावला आणि आमच्या हेडमिस्त्री समाधानला आणि त्याच्या हाताखालच्या ओमला तेलाच्या डब्यांवर बसवलं. ओम लग्नाला आलेला तगडा गडी, समाधान निफाडकडचा, माझ्यासोबत गॅरेज सुरू झाल्यापासून. दोघांना अमितने खुणा शिकवल्या. मूठ म्हणजे थांबा. अंगठा म्हणजे जॅक वर. बोट गोल फिरवलं की सेल्फ मारा. उघडा पंजा म्हणजे काम पूर्ण, गाडी सोडा. "पंजा उघडा म्हणजे गाडी मोकळी," अमित म्हणाला. "विसरायचा प्रश्नच नाही."

"लय भारी हाय," समाधान म्हणाला. तो मनापासून म्हणत होता. संध्याकाळी घरी जाऊन त्याने बायकोसमोर, छायासमोर, सगळ्या खुणा पुन्हा पुन्हा करून पाठ केल्या. मी मालक. मी पाठ वगैरे केलं नाही. मालकाला सगळं येतंच.

पहिली अडचण अर्ध्या तासात समजली. खुणा बघायला माणसाचं तोंड आपल्याकडे हवं, आणि मिस्त्रीचं तोंड दिवसभर गाडीच्या पोटाकडे असतं. समाधानचे फक्त पाय बाहेर. मी त्या पायांसमोर उभा राहून मूठ दाखवली, अंगठा दाखवला, शेवटी हात जोडले. पाय हलले नाहीत. मी बुटाला हात लावला तेव्हा तो दचकून उठला आणि त्याचं डोकं सायलेन्सरला आपटलं.

"शेठ, माझ्या पाया नका पडत जाऊ," तो डोकं चोळत म्हणाला. "बरं दिसत नाय."

यावर अमितने फोनवरून उपाय सांगितला : शिट्टी. एक शिट्टी समाधानला, दोन ओमला. मी खेळाच्या सामानाच्या दुकानातून चांगली खणखणीत शिट्टी आणली आणि दोन वाजवल्या.

ओम आलाच. पण त्याच्यासोबत रस्त्यावरच्या तीन रिक्षाही बाजूला घेऊन थांबल्या. एका मोटारसायकलवाल्याने गर्रकन वळून चतुराबाईंच्या गाड्यामागे आसरा घेतला. मागे बसलेली त्याची आई "मी सांगत होते हेल्मेट घाल म्हणून" असं सुरू झाली. पुढच्या शिट्टीला एक स्कूलबस थांबली. दुपारपर्यंत आमच्या गल्लीच्या तोंडाशी लोक लायसन हातात धरून उभे राहायला लागले, आणि मग खरा हवालदार आला.

"शिट्टी कोणाची?"

मी मान खाली घातली.

"कोणाच्या परवानगीने?"

मी घशाकडे बोट दाखवलं. त्याला वाटलं मी गळा कापण्याची भाषा करतोय.

चौकीत मला बाकावर बसवलं. मी मोबाइलवर टाइप करून दाखवलं, 'घसा बसला आहे, मौन आहे.' मोबाइलने आपल्या अकलेने त्याचं 'घसा बसला आहे, मान्य आहे' केलं. "मान्य आहे म्हणतोय, साहेब," हवालदाराने आत कळवलं. तेवढ्यात समाधान धावत आला आणि त्याने सगळी कथा ग्रीसभरल्या हातांनी अभिनयासकट सांगितली. साहेब ऐकून घेऊन उठले, माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "तोंड उघडा." मी उघडलं. त्यांनी टॉर्च मारून आत बघितलं.

"मलाही झालं होतं. बंदोबस्तात ओरडून ओरडून," ते म्हणाले. "कोमट पाणी. दुसरं काही करू नका. आणि शिट्टी इथे ठेवून जा."

ज्या चौकीत मी अपराधी म्हणून गेलो, तिथून कोमट पाण्याचा एक पेला पिऊन बाहेर पडलो. माणसाने अजून काय अपेक्षा करावी?

मग घंटा. ही कल्पना उज्वलाची. तिने भांडीबाजारातून पितळी घंटा आणली आणि गणपतीच्या तसबिरीशेजारी, माझ्या टेबलावर, टांगली. घंटा दोरीने वाजवायची म्हणजे खड्ड्यापर्यंत ऐकू जाईल. गेलंही. पण रस्त्याने जाणाऱ्या माणसाला गणपती आणि त्याच्याशेजारी घंटा दिसली की तो काय करणार? चपला काढून आत यायचा, घंटा वाजवायचा, डोळे मिटायचा. दर घंटेला समाधान खड्ड्यातून बाहेर यायचा आणि "बोला शेठ" म्हणून हात पुसत एखाद्या आजोबांसमोर उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी एकाने टेबलावर नारळ फोडला. पाणी विम्याच्या कागदांवर गेलं.

मी घंटा काढायला उठलो तशा चतुराबाई रस्ता ओलांडून आल्या. चेहेडीला त्यांची थोडी जमीन आहे. पहाटे कोबी, मेथी, झेंडू घेऊन येतात. "दादा, राहू दे की घंटा," त्या म्हणाल्या. "माझी फुलं दुपारच्याला संपत्यात आजकाल. तुझा घसा बसला नि माझा धंदा उठला बघ."

घंटा राहिली.

आता विम्याचं. गॅरेजचा विमा संपत आला होता आणि कंपनीचा नियम असा की धारकाने फोनवर स्वतः बोलून खात्री करायची. उज्वलाने तिच्या कॉलेजच्या ऑफिसातून लवकर येऊन फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"त्यांना बोलायची मनाई आहे," ती म्हणाली.

"ठीक आहे मॅडम," पलीकडची मुलगी म्हणाली. "तसं त्यांनी स्वतः सांगायला हवं."

"ते बोलू शकत नाहीत, हे ते कसं बोलतील?"

"फक्त एकदा 'मी बोलू शकत नाही' असं स्पष्ट म्हणायचं, मॅडम. रेकॉर्ड होतं."

उज्वलाने माझ्याकडे बघितलं. मग फोनजवळ तोंड नेलं आणि घोगऱ्या, पुरुषी आवाजात म्हणाली, "मी शेखर. मला बोलता येत नाही."

"धन्यवाद सर. काळजी घ्या," मुलगी म्हणाली. फोन ठेवल्यावर उज्वला इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी मी दिलं. तिने माझा आवाज इतका हुबेहूब काढावा, याचा मला थोडा रागही आला; पण त्या दिवसांत माझ्या वाट्याचं बोलणं ती किती ठिकाणी बोलत होती, हेही लक्षात आलं. गिऱ्हाइकांचे फोन तिने स्वतःकडे वळवून घेतले होते. कॉलेजात हजेरीपटावर सह्या घेता घेता ती लोकांना "क्लच प्लेट उद्या येईल" असं सांगत होती.

गिऱ्हाइकांचं मात्र मला कोडं पडलं. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक बिघाड सांगत नाही, बिघाडाचा आवाज काढून दाखवतं. कुणी "कुईं" करतं, कुणी "घर्र-खट्". मग मी तो आवाज काढून दाखवायचा, आणि ते म्हणणार, "तसं नाही, जरा ओलं." असं करत करत दोघांचा सूर जुळला की काय बिघडलंय ते कळतं. आता मला नुसतं ऐकावं लागत होतं. मी गप्प म्हणजे रागावलोय अशी लोकांची समजूत, त्यामुळे ते घाबरून सगळं खरं सांगत. एकाने कबूल केलं की गाडीत ऑइल कधी बदललंच नव्हतं. औष्णिक केंद्रातल्या एका साहेबांनी तर जाताना समाधानला म्हटलं, "शेठ फार समजूतदार झालेत हो. आधी बोलूच देत नव्हते." ते मला ऐकू जावं अशा बेताने म्हटलं नव्हतं, पण मौनात कान फार तिखट होतात. त्या दिवशी मी डबा अर्धा ठेवला.

आणि मग सावळीरामभाऊंची पिकअप आली.

सावळीरामभाऊ लासलगावकडचे. कांदा मार्केटात न्यायची त्यांची पिकअप वर्षानुवर्षं आमच्याकडेच येते, कारण त्यांची मुलगी एकलहऱ्याला दिलेली. लेकीला भेटायचं आणि गाडी दाखवायची, असं एका फेरीत दोन्ही होतं. सोबत ठमाबाई होत्या, लेकीसाठी पापडाचा डबा मांडीवर घेऊन. ब्रेक कमी लागतो, एवढंच काम होतं. समाधानने पुढची चाकं घेतली, मागचं ओम बघत होता. मागची ब्रेकची पाइप चिरलेली निघाली. ओमने ती काढली, तेल सगळं खाली गळून गेलं, आणि मला खुणेने सांगून तो नवी पाइप आणायला दुकानाकडे गेला.

इकडे समाधानचं पुढचं काम झालं. त्याने शेडमधून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे "मागचं झालं का?" मी टेबलावर एका गिऱ्हाइकाचं "कुईं-कुईं" ऐकत होतो. मी हात वर केला. पाच मिनिटं थांब, या अर्थाने. पाच बोटं. उघडा पंजा.

समाधानने खुणा पाठ केल्या होत्या. मी केल्या नव्हत्या.

मी पुन्हा वर बघितलं तेव्हा किल्ली सावळीरामभाऊंच्या हातात गेली होती, ठमाबाई आत बसल्या होत्या आणि गाडी शेडमधून निघून गल्लीला लागली होती. गल्ली रस्त्याकडे उतरती आहे. पुढे मोठा रस्ता, त्यावर औष्णिक केंद्राची राख घेऊन जाणारे बल्कर ट्रक. आणि त्या गाडीला ब्रेक नव्हता.

मला डॉक्टर आठवल्या नाहीत, ऑपरेशन आठवलं नाही. मी होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो. आणि माझ्या तोंडातून चिमणीच्या पिल्लाने काढावा तसा बारीक आवाज निघाला. समोरच्या गिऱ्हाइकाने "अगदी बरोबर, अस्सा!" म्हणून मान डोलावली.

मी धावलो. खुर्ची पडली, चप्पल कुठे गेली कळलं नाही. दोन्ही हात हलवत मी गल्लीतून धावतोय आणि सावळीरामभाऊ आरशात बघून मला हात दाखवतायत. त्यांना वाटलं, शेठ निरोप देतोय. इतक्या वर्षांत मी कुणाला निरोप द्यायला गल्लीच्या तोंडापर्यंत पळालो नव्हतो, पण तो विचार करायला त्यांना वेळ नव्हता.

चतुराबाईंनी मला बघितलं. त्यांनी काही विचारलं नाही. पदर कमरेला खोचला आणि आयुष्यभर बाजारात कमावलेला आवाज सोडला, "ओ पिकअपवालेऽऽ! थांब! गाडीत काय तरी मोडलंय!" त्यांच्यामागून चहावाला ओरडला, पंक्चरवाला ओरडला, रिक्षावाल्यांनी हॉर्न दाबले. सगळी गल्ली माझ्या वतीने ओरडत होती. सावळीरामभाऊंनी ब्रेकवर पाय दिला. पाय तळापर्यंत गेला. तेव्हा त्यांना समजलं, आणि जुना गडी म्हणून हातब्रेक करकरून ओढला, गाडी भिंतीच्या बाजूला घेतली. पिकअप घसटत गेली आणि गल्लीच्या तोंडाशी रचलेल्या चतुराबाईंच्या कोबीच्या गोण्यांच्या ढिगात नाक खुपसून थांबली. मोठा रस्ता दहा पावलांवर होता. एक बल्कर धूळ उडवत गेला.

काही कोबी घरंगळत रस्त्यात गेले. बाकी कुणाला काही झालं नाही.

मी गाडीच्या दाराला धरून उभा होतो. ठमाबाई खाली उतरल्या, पापडाचा डबा तसाच छातीशी. मी हात जोडले. मला म्हणायचं होतं की चूक माझी आहे, तुमच्या जिवाशी खेळ झाला, क्षमा करा. एकही शब्द नाही. समाधान धावत आला, चेहरा पांढराफटक. "माझी चूक हाय भाऊ. मी किल्ली दिली." तेवढ्यात पाइप हातात घेऊन ओम आला आणि काय झालं ते न समजताच म्हणाला, "नाही, चूक माझी. मी गाडीवर काही लिहून ठेवायला हवं होतं." मी दोघांना बाजूला केलं आणि स्वतःच्या छातीवर थापटलं, दोन-तीनदा, जोरात. ही खूण अमितच्या यादीत नव्हती. ती सगळ्यांना समजली.

सावळीरामभाऊंनी माझ्या डोळ्यांत बघितलं. मग सावकाश म्हणाले, "शेठ, तुम्ही अनवाणी पळत आले. मी पाहिलं आरशात. आता असं करा, बसा जरा, पानी प्या. मग ती पाइप बसवा. आमी थांबतो."

"दुसरीकडं न्यायची तर—" समाधान पुटपुटला.

"दुसरीकडं कशाला? अशी गोष्ट घडली म्हणजे आता तुम्ही सगळ्यात जपून करशाल," ठमाबाई म्हणाल्या, आणि डबा उघडून चतुराबाईंना पापड दाखवायला लागल्या. चतुराबाईंनी कोबी गोळा केले. मी हात लावायला गेलो तर त्यांनी ढकललं. "तू पाइप बसव. कोबीला काय व्हत नाय. सोलला की नवाच."

पाइप मी बसवली. तेल मी भरलं, ब्रेकमधली हवा मी काढली, आणि गाडी शेडमध्ये तीन वेळा पुढे-मागे करून ब्रेक मी दाबून बघितला. समाधानने त्या दिवसापासून स्वतःच एक रीत पाडली : ज्याने काम केलं, त्याने तोंडाने "झालं" म्हटल्याशिवाय किल्ली हलणार नाही. मालक काय हात हलवतो याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. अमितला हे सांगितलं तेव्हा तो जरा दुखावला. पण संध्याकाळी येऊन, पॅन्ट वर दुमडून, त्याने शेडमधलं सांडलेलं तेल पुसायला ओमला मदत केली. तो काही बोलला नाही. त्याच्या बाबतीत हे मोठंच होतं.

माझी धास्ती वेगळी होती. त्या एका चिमणीएवढ्या आवाजाने सगळ्या मौनावर पाणी फिरलं असेल, अशी मला खात्री वाटत होती. तपासणीला उज्वला सोबत आली. डॉक्टर निकितांनी नळी आत घातली आणि पडद्याकडे बघत सावकाश फिरवली. उज्वलाने माझं मनगट धरलं होतं. नखं रुतली तरी मी हललो नाही.

"उतरलाय," त्या म्हणाल्या. "जवळपास सगळा. ऑपरेशन नको. पण काका, आता हळू बोलायचं. शेजारच्याला ऐकू येईल एवढंच. ओरडायचं कायमचं विसरा."

उज्वलाने डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "आता रविवारी तुमच्या बहिणीकडे जाऊ या."

गॅरेजवर आधीच कळलं होतं. समाधान, ओम, चतुराबाई, चहावाला टेबलाभोवती उभे होते. मी रिक्षात बसून एक छोटं भाषण मनात जुळवलं होतं. त्यात समाधानचा उल्लेख होता, ओमचा होता, चतुराबाईंच्या आवाजाचा होता, आणि जे मी एरवी ओरडण्याच्या गडबडीत कधी म्हटलं नव्हतं ते सगळं होतं. मी उभा राहिलो. समाधानने जाऊन कॉम्प्रेसर बंद केला. इतकी शांतता झाली की झेंडूवरच्या माशीचा आवाज यावा.

मी तोंड उघडलं. घसा ठणठणीत होता, पण दाटून आला. याला डॉक्टरांकडे काही नाही. ओठ हलले, कसलासा श्वास बाहेर पडला, आणि मी खाली बसलो.

"काय म्हनला रे दादा?" मागून चतुराबाईंनी विचारलं.

समाधान वळला आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शेठ म्हणत्यात, सगळ्यांना चहा सांगा!"

"मला तर काहीच ऐकू नाही आलं," ओम म्हणाला.

"मलाबी नाय आलं," समाधान म्हणाला. "पण दुसरं काय म्हणायचं असंल त्यांना?"

मी मान हलवली. चहावाला पळत गेला.